नेशनस्टेट्समधील देहदंडाचा प्रश्न: कळ दाबण्यापूर्वी काय तपासावे?

पार्लेकर (मूळ प्रश्न)

नमस्कार. नेशनस्टेट्स हा ब्राउझरवर राष्ट्र चालवण्याचा खेळ इथल्या अनेकांना ठाऊक असेल. तो २००२ पासून सुरू आहे, त्याला पैसे पडत नाहीत, आणि त्यात चित्रांपेक्षा मजकूरच अधिक असल्यामुळे लोकलमध्ये दाराशी उभे राहूनही खेळता येतो. आपण राष्ट्र स्थापन करतो, मग खेळ एकेक प्रश्न समोर ठेवतो. त्यावर काही सल्लागार आपापली मते मांडतात, जी बहुधा टोकाची आणि उपहासाने रंगवलेली असतात, आणि आपण त्यांपैकी एकाचा सल्ला मान्य करतो किंवा प्रश्न बाजूला सारतो. परिणाम आधी दिसत नाहीत. नागरी स्वातंत्र्य, अर्थव्यवस्था, गुन्हेगारी अशा अनेक निर्देशांकांत काय वरखाली झाले ते निर्णय दिल्यानंतरच कळते.

आम्ही काही मित्रमैत्रिणी राज्यशास्त्र शिकतो आणि एका सामायिक प्रदेशात आपापली राष्ट्रे चालवतो. आमचा आपसातला एक नियम असा आहे की मोठ्या धोरणावर निर्णय देण्यापूर्वी राष्ट्रप्रमुखाने आपली कारणे लेखी मांडायची आणि रविवारी पार्ल्यात जमल्यावर इतरांनी ती तपासायची. माझ्यासमोर आता देहदंडाचा प्रश्न आला आहे. सध्या माझ्या राष्ट्रात ही शिक्षा नाही. उद्योग जोरात आहेत, कर कमी आहेत, गुन्हेगारी वाढते आहे, आणि कायदा व सुव्यवस्थेवर होणारा खर्च शेजारी राष्ट्रांच्या मानाने बराच कमी आहे.

गटातील दोघांचे म्हणणे असे की हा खेळ आहे, तेव्हा देहदंड लागू करावा आणि गुन्हेगारीचा आकडा खाली येतो का ते पाहावे. पण मला कारणे लिहायची आहेत, आणि ‘आकडा पाहायचा होता’ हे काही राज्यकर्त्याला शोभणारे कारण नव्हे. जरब, अपराधाला साजेशी शिक्षा, पीडितांना न्याय, तुरुंगाचा खर्च, लोकमत, यांपैकी कशावर निर्णय उभा करावा? आपल्या देशाच्या आणि इतर देशांच्या अनुभवातून कोणती कारणे टिकतात आणि कोणती टिकत नाहीत, हे जाणकारांनी सांगावे.

जुना राजदूत

आधी खेळाच्या अंगाने सांगतो, कारण त्यातील काही गोष्टी तुमच्या कारणमीमांसेत उतरायला हव्यात.

राष्ट्राचे वर्गीकरण नागरी स्वातंत्र्य, आर्थिक स्वातंत्र्य आणि राजकीय स्वातंत्र्य या तीन अक्षांवर ठरते, आणि देहदंड स्वीकारणाऱ्या राष्ट्राला पहिल्या अक्षावर किंमत मोजावी लागते. एकदा स्वीकारलेले धोरण राष्ट्राच्या धोरणांच्या पानावर नोंदले जाते आणि त्याला उलटवणारा दुसरा प्रश्न समोर येईपर्यंत तिथेच राहते. मनात आले म्हणून दुसऱ्या दिवशी मागे घेता येत नाही. प्रश्न बाजूला सारला तर आहे ती स्थिती कायम राहते, म्हणजे तुमच्या बाबतीत तो नकारच ठरतो.

आता खरा मुद्दा. राष्ट्राच्या पानावर मृत्यूच्या कारणांचे एक वर्तुळ दिसते. त्यात वार्धक्य असते, हृदयविकार असतो, खून असतात, आणि तुम्ही देहदंड लागू केलात तर त्याचीही एक फाक तिथे दिसू लागते. या फाकेत अपराधी किती आणि निरपराध किती, हे मात्र खेळ सांगत नाही. खेळाच्या हिशेबात तपास नेहमी बरोबर असतो, साक्षीदार नेहमी खरे बोलतो आणि ज्याला शिक्षा झाली त्यानेच गुन्हा केलेला असतो. शिवाय खर्चाच्या तक्त्यात ‘कायदा व सुव्यवस्था’ हा एकच रकाना आहे. पोलिसांच्या गाड्या, न्यायाधीशांची पदे, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि गरिबाला मिळणारा सरकारी वकील हे सगळे त्यातच धरायचे. तुमचा तो रकाना आधीच रोडावलेला आहे. देहदंड असावा की नसावा हा तात्त्विक प्रश्न घटकाभर बाजूला ठेवला, तरी एवढ्या खर्चात चालणाऱ्या यंत्रणेच्या हाती तो द्यावा का, हा प्रश्न उरतोच. आणि तो खेळ तुम्हाला विचारत नाही, तो तुम्हालाच स्वतःला विचारावा लागेल.

फोर्टातील वकील

राजदूतांनी नेमके मर्म सांगितले आहे. मी उच्च न्यायालयात फौजदारी अपिलांचे काम करते, म्हणून त्या हरवलेल्या रकान्याबद्दलच लिहिते. तत्त्वचर्चा इतर जण करतीलच.

फाशी म्हणजे न्यायाधीशाने एकदा उच्चारायचे वाक्य, अशी बाहेर समजूत असते. प्रत्यक्षात आपल्याकडे सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही. आरोपीने अपील केले नाही तरी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावेच लागते, आणि तिथे दोन न्यायाधीशांचे खंडपीठ साक्षीपुरावा पहिल्या पानापासून पुन्हा तपासते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, मग फेरविचार याचिका, जी २०१४ च्या निकालापासून फाशीच्या प्रकरणांत खुल्या न्यायालयात तीन न्यायाधीशांपुढे ऐकली जाते, आणि शेवटी अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे व अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. १९८० च्या बच्चन सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनाबाह्य नाही असे ठरवले, पण जन्मठेप हा नियम आणि फाशी हा ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणापुरता अपवाद, अशी चौकटही घालून दिली. न्यायमूर्ती भगवती यांचे विरोधी मत असे होते की ही निवड प्रत्यक्षात न्यायाधीशागणिक बदलते. त्यानंतरच्या काळात खुद्द सर्वोच्च न्यायालयानेही आपल्या काही निकालांत ही विसंगती मान्य केली आहे.

एवढ्या गाळण्या असूनही काय होते, याचे उदाहरण मुंबईकरांना सांगायला लांब जावे लागत नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. कबुलीजबाब, ओळखपरेड आणि जप्ती यांपैकी काहीच न्यायालयाला विश्वासार्ह वाटले नाही. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरू नये असे म्हटले, मात्र सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्यास सांगितले नाही. अंतिम निर्णय काय लागेल त्यावर मी भाष्य करणार नाही. पण धोरण ठरवणाऱ्याने एवढे नोंदवावे: एकाच पुराव्यावर एका न्यायालयाने फाशी दिली आणि त्याच पुराव्यावर वरच्या न्यायालयाला दोषच सिद्ध झालेला दिसला नाही, आणि या दोन निकालांमध्ये दहा वर्षे गेली. फाशी पाठोपाठ अमलात आणणाऱ्या राष्ट्रात दुसरा निकाल ऐकायला त्या पाचांपैकी कोणीच उरले नसते.

दुसरी बाजू विलंबाची. पुण्यातील बीपीओ कर्मचारी तरुणीच्या २००७ मधील बलात्कार आणि खून प्रकरणातील दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली होती, दयेचे अर्जही फेटाळले गेले होते. तरीही अंमलबजावणीत शासनाने अवास्तव विलंब केला म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती ३५ वर्षांच्या कारावासात बदलली आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातील दोन बहिणींच्या बाबतीतही २०२२ मध्ये दयेच्या अर्जावरील विलंबामुळे असेच घडले. या दोन्ही प्रकरणांत शिक्षा सौम्य होण्याचे कारण आरोपींविषयीची दया हे नव्हते. मंत्रालयापासून दिल्लीपर्यंत फाइल हलली नाही, हे होते. अशा वेळी पीडितांच्या नातेवाइकांना काय वाटत असेल, याचाही विचार करावा. फाशीचे आश्वासन देऊन वर्षानुवर्षे तारखा दाखवणे हा त्यांच्यावरचाही अन्यायच.

आणखी एक: खेळातील एखादा सल्लागार तुम्हाला अमुक गुन्ह्याला फाशीच, असा सरसकट कायदा सुचवील. तो घेऊ नका. भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ असेच होते; जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशी सक्तीची. सर्वोच्च न्यायालयाने ते १९८३ मध्ये रद्द केले. अमली पदार्थांच्या कायद्यातील सक्तीची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ऐच्छिक ठरवली, आणि संसदेने २०१४ मध्ये कायदाच तसा बदलला.

माहीमकर

वकीलताईंच्या अनुभवाचा आदर राखून वेगळे मत मांडतो. आतापर्यंतची सगळी चर्चा निरपराध सापडण्याच्या भीतीभोवती फिरते आहे, जणू प्रत्येक खटल्यात आरोपी कोण हाच वादाचा मुद्दा असतो. २६/११ ला जिवंत पकडलेल्या हल्लेखोराच्या बाबतीत कोणता संशय होता? छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रायफल घेऊन फिरतानाचे त्याचे छायाचित्र जगाने पाहिले होते. तरीही त्याला सरकारी खर्चाने वकील दिला, विशेष न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत सर्व पायऱ्या झाल्या, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. घटनेपासून शिक्षेपर्यंत चार वर्षेसुद्धा पूर्ण झाली नव्हती. यंत्रणेने मनावर घेतले तर रीतही पाळता येते आणि वेगही राखता येतो, हे यातून सिद्ध होत नाही काय?

दुसरे असे की राष्ट्रप्रमुखाला तुरुंगाबाहेरचाही विचार करावा लागतो. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून कंदाहारला नेले गेले आणि प्रवाशांच्या बदल्यात आपल्याला तीन दहशतवादी सोडावे लागले. त्यांच्यापैकी मसूद अझहरने पुढे काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. जिवंत दहशतवादी हा तुरुंगात असला तरी पुढच्या ओलिसांना आमंत्रण असतो. विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि राष्ट्राविरुद्ध युद्ध पुकारणे हे दोन अपवाद आयोगानेही ठेवलेच ना? पार्लेकरांनी सामान्य खुनाला फाशी देऊ नये, पण हा अपवाद ठेवावा, असे माझे मत आहे. आणि अपराध्याला त्याच्या कृत्याच्या तोलाची शिक्षा मिळाली पाहिजे, ही लोकांची भावना रानटी ठरवून मोडीत काढू नये. कायद्यावरचा लोकांचा विश्वास त्या भावनेवरही उभा असतो.

फोर्टातील वकील

माहीमकर, शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. सूडाची भावना आणि न्यायाची अपेक्षा या दोहोंत लोक पुष्कळदा फरक करतात, आणि राज्यकर्त्याने त्या अपेक्षेला तुच्छ लेखू नये.

पण कंदाहारच्या उदाहरणाने तुमचे काम होत नाही. १९९९ मध्ये आपल्याकडे फाशीचा कायदा होताच, त्यामुळे विमान पळवणे थांबले नाही. सोडलेल्या तिघांपैकी एकालाही फाशी झालेली नव्हती. ते तुरुंगात असतानाच अपहरण झाले. ओलीस धरणारा खटला संपण्याची वाट पाहत नाही, तेव्हा या धोक्यावर उपाय विमानतळाच्या सुरक्षेत शोधावा लागतो. २६/११ च्या खटल्याचा वेगही तिथल्या पुराव्याच्या असाधारण स्वरूपामुळे साधला. छायाचित्रे, जिवंत साक्षीदार आणि जागीच पकडलेला आरोपी हे सगळे एकत्र क्वचितच येते. त्या खटल्यावरून सर्व खटल्यांचा नियम बांधता येणार नाही. आणि कायदा मात्र सर्वांसाठी एकच असतो. रेल्वे बॉम्बस्फोटांचा खटलाही दहशतवादाचाच होता, हे विसरू नका. लोकक्षोभ सर्वांत मोठा, तपासावर दडपण सर्वांत जास्त आणि कबुलीजबाबांवरची भिस्तही सर्वाधिक, अशी प्रकरणे नेमकी याच वर्गातली. अपवाद तुम्ही ज्या जागी ठेवू पाहता, चुकीला वाव तिथेच अधिक आहे. विधी आयोगाने तो अपवाद ठेवला हे खरे. माझ्या मते त्या अहवालातला सर्वांत कमी युक्तिवाद केलेला भाग तोच.

जरबेबद्दल एक वाक्य पुरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१२ मध्ये तोपर्यंतच्या अभ्यासांची छाननी करून असे सांगितले की फाशीमुळे खून कमी होतात, वाढतात किंवा काहीच फरक पडत नाही, यांपैकी कोणताही निष्कर्ष त्या अभ्यासांवरून काढता येत नाही आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत. पार्लेकरांच्या मित्रांना हा आकडा खेळातून काढायचा असेल तर त्यांना खेळ लिहिणाऱ्याचे मत तेवढे कळेल.

जुना राजदूत

ब्रिटनचा दाखला पार्लेकरांच्या उपयोगी पडेल, म्हणून भर घालतो. लंडनच्या रिलिंग्टन प्लेस या गल्लीतील एका घरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या टिमथी एव्हन्सला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल १९५० मध्ये फाशी दिली गेली. त्याच्याविरुद्धचा मुख्य साक्षीदार होता खालच्या मजल्यावरचा शेजारी जॉन ख्रिस्ती. तीन वर्षांनी त्याच घरात आणखी स्त्रियांची प्रेते सापडली आणि ख्रिस्तीच अनेक खुनांचा अपराधी निघाला. एव्हन्सला क्षमा मिळाली १९६६ मध्ये. ती घेणारा कोणी नव्हता. मध्यंतरी १९६५ मध्ये संसदेने खुनासाठीची फाशी पाच वर्षांपुरती स्थगित केली होती आणि ती मुदत संपण्याआधी, १९६९ मध्ये, स्थगिती कायमची केली. आधी मुदतीची स्थगिती आणि अनुभव पाहून मग कायदा, ही कारभाराची पद्धत मला आवडते. आपल्या खेळात दुर्दैवाने तशी सोय नाही.

आणि आपल्या घटना समितीतील एक गोष्ट. फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा का, यावर ३ जून १९४९ रोजी चर्चा चालू असताना डॉ. आंबेडकरांनी सांगितले की अपिलाच्या तरतुदीपेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण अधिक पाठिंबा देऊ. चर्चा निव्वळ अधिकारक्षेत्राची होती. ते मूळ प्रश्नाकडे गेले. तुमच्या रविवारच्या बैठकीत कोणी ‘पण आपल्याच देशात तर फाशी आहे’ असे म्हणाले, तर हे सांगा.

पार्लेकर

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेनंतर कारणमीमांसेचा मसुदा असा केला आहे.

‘राष्ट्राच्या कायदा व सुव्यवस्थेवरील सध्याच्या खर्चात तपास, न्यायवैद्यक तपासणी, सरकारी वकील आणि अपिलाच्या पायऱ्या यांची हमी देता येत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले. वकिलाचा दर्जा ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडणाऱ्या, कमी कराच्या आमच्या राष्ट्रात याहून वेगळे घडेल असे मानण्यास आधार नाही. जरबेचा लाभ सिद्ध नाही. चूक झाल्यास दुरुस्तीचा मार्ग नाही. म्हणून देहदंड नाकारण्यात येत आहे. गंभीर गुन्ह्यांत सुटकेची मुदत न्यायालयाने ठरवून दिलेला दीर्घ कारावास हीच कमाल शिक्षा राहील.’

माहीमकर, आपला अपवाद मी शेवटपर्यंत ठेवून पाहिला. राजदूतांना एक विचारायचे आहे: केवळ दहशतवादासाठी देहदंड, असा पर्याय खेळात घेता येतो का? आणि मी ‘नाही’ म्हणणारा सल्ला निवडावा की प्रश्न बाजूला सारावा?

जुना राजदूत

धोरणांच्या पानावर देहदंड एकतर असतो किंवा नसतो. ‘अमुक गुन्ह्यापुरता’ अशी तळटीप तिथे लावता येत नाही. तेव्हा अपवादासाठी कळ दाबलीत तरी नोंद सगळ्या देहदंडाचीच होईल, आणि तुमच्या मसुद्यातील पहिलेच वाक्य तिला परवानगी देत नाही.

सल्लागार निवडण्याआधी त्याचा मजकूर पूर्ण वाचा. देहदंडाला विरोध करणारा माणूस त्याच दमात तुरुंगच बंद करा असे सांगत असेल, तर त्याच्या मागे जाऊ नका. प्रश्न बाजूला सारा आणि तुमचा मसुदा प्रदेशाच्या संदेशफलकावर लावा. कायदा व सुव्यवस्थेचा खर्च वाढवणारा प्रश्न पुढे कधी ना कधी येईलच, तेव्हा करवाढ सोसून तो घ्या. शिवाय तुमचे राष्ट्र खेळातील जागतिक सभेचे, म्हणजे राष्ट्रांच्या सामायिक संघटनेचे, सदस्य असेल तर तिथे मंजूर झालेले ठराव तुम्हाला लागू होतात, तेव्हा शिक्षांबद्दल सध्या कोणते ठराव अमलात आहेत ते रविवारच्या आत पाहून घ्या; माहीमकर बैठकीला आले तर पहिला प्रश्न तोच विचारतील.

माहीमकर

विचारणारच. आणि दुसरा प्रश्न असा असेल की दीर्घ कारावास म्हणजे नेमकी किती वर्षे, आणि ती ठरवणारे न्यायाधीश नेमायला तुमच्या कमी कराच्या राष्ट्रात पैसे कुठून येणार? तेवढे लिहून आणा.